कंदिलाची काच

पेव म्हणजे काय, हे आता सांगत बसा लागते. बाजारात माणसायचं पेव फुटलं, असं बोलायले सगळे तयार, पण पेव कोणी पाह्यलं हाय? अमडापुरात तव्हा ज्याच्या घरी खाऊन उरन इतकी ज्वारी होये, त्याच्या अंगणात पेव राहे. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं, माठ पुरून ठेवल्यासारखा. आतून कडबा अन् भूस लावायचं, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवून शेणामातीनं लिंपून टाकायची. चोराले दिसत नाई, उंदराले भेटत नाई, अन् महिनोनमहिने किडाही लागत नाई. किडा काऊन लागत नाई, असं मी नवी सून असताना सासूले इचारलं होतं. "लक्ष्मीचा पहारा असते," सासू म्हणे. अन् वरून, "भाकर पाय, करपून राह्यली," असं म्हणून मले चुलीजवळ धाडलं.

त्याच सासूचा एक नेम होता. पेव उघडलं का लगेच आत उतरायचं नाई. देव्हाऱ्यातल्या दिव्यावरून कंदील पेटवायचा, दोराले बांधायचा अन् हळूहळू पेवात सोडायचा. लक्ष्मी अंधारात निजेल असते, तिले अगोदर उजेड दाखवा लागते. कंदील जगला म्हणजे ती राजी, उतरा. इझला म्हणजे तिची मर्जी नाई. तोंड उघडं ठेवा अन् उद्या पुन्हा या. सासू गेली, मालक गेले, नेम राह्यला. काऊन, कायले, कोणी इचारलं नाई. देवाच्या कामात जाब कोण मागते?

मी मनकर्णा. तोंडाची फाटकी, असं गाव म्हणते, अन् याच्यात गाव खोटं बोलत नाई. मालक गेले तव्हा माहा सहदेव कडेवर होता. जमीन राखायची, मजुरायले कामाले लावायचं, भाऊबंदात दबून राहायचं नाई, हे मऊ बोलून होते का? मऊ लागलं म्हणून कोपरानं खणणारे लोक हायेत. म्हणून जिभेले धार ठेवली. मंग ती सवय घरातही गेली नाई.

सहदेवची बायको शकुंतला बुलढाण्याची. बाप भगवंतराव तठी कचेरीत कारकून. पोरगी सातवी शिकेल, 'मला-तुला' असं बोले. भाकर थापता येत नव्हती, पण येत नाई हे तोंडानं कबूल करे, म्हणून मले ती आवडली. तिले मात्र माही दहशत. पयल्यांदा आंबील करायले तिनं ज्वारीचं पीठ भिजवलं अन् गाडग्यावर झाकण घट्ट दाबून ठेवलं. सकाळी झाकण जमिनीवर अन् पीठ उतू जाऊन राह्यलं.

"आत्याबाई, गाडग्यात काहीतरी आहे! आतून ढकलतंय!"

"आंबलं म्हणजे फसफसन नाई तर काय भजन म्हणन?" मी म्हटलं. सहदेव इतका हासला का त्याच्या नाकातून चहा आला.

भगवंतरावायनं जावयाले लग्नात तीन सेलाची बॅटरी देल्ली होती. गावात तव्हा लाईट नव्हती. सहदेव ती बॅटरी रोज धोतराच्या सोग्यानं पुसे अन् उशाशी घेऊन निजे. "बायकोपेक्षा जास्त जपते हो," असं मी शकुंतलाले म्हणे, अन् ती लाजून आत पळे. वर्षाच्या आत मी चूल, देव्हारा, दिवाबत्ती, सगळं तिच्या हाती देऊन टाकलं. घर देल्लं, पण जीभ आवरली नाई. एकदा तिच्या हातून कपबशी फुटली तर मी दिवसभर बोलली. सांजेले सहदेव म्हणे, "माय, एका कपासाठी पोरीचं रक्त आटवू नको." मी म्हटलं, "कपाचं नाई बे, वळणाचं बोलून राह्यली." पोरगी तव्हापासून भांडं उचलताना माह्याकडं पाहे.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतीन, त्या साली सहदेवनं हायब्रीड ज्वारी पेरली. आमची गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाये, हे हायब्रीड छातीले लागत नव्हतं. मी म्हटलं, "हे काय बे, ज्वारी हाय का तुळस?" पण कणसं पाह्यली अन् माहं तोंड बंद झालं. एकच खोट होती. गावरान ज्वारी थंडीत, कोरड्या हवेत निघे. हायब्रीड घाईचं, पाऊस सरायच्या अगोदरच पिकून उभं. कापून खळ्यावर आणलं अन् रोज दुपारी आभाळ भरून ये. पेवात टाकायच्या दिवशी मी दाणा दाताखाली धरला. गावरान दाणा कट्ट वाजते. हा वाजला नाई, दबला.

"सहदेवा, वली हाय रे."

"माय, खळ्यावर ठेवली तर मोड येतीन. पेवात ऊब असते, आपोआप वाळन."

त्याचंही खरंच होतं, काही कणसायले मोड फुटायले लागलेच होते. अर्धंअधिक पेव भरलं, फरशी लिंपली, नारळ फोडला. हातातोंडाशी आलेलं पीक घरात आलं म्हणून मी शेजारी गूळ वाटला.

वैशाखात घरातली कणगी रिकामी झाली. शकुंतलाले सातवा लागला होता, डोहाळजेवणाले बाया येणार, दळण पायजे. सहदेवनं अन् माहा दीर पुंजाजीनं सकाळीच लिंपण फोडलं, फरशी सरकवली. गरम वाफ वर आली, आंबूस अन् गोड. पेवाले वास असतेच, कोणाले नवल वाटलं नाई. दोघं पुंजाजीच्या घरी चहा पिऊन आले तव्हा अंगणात पाच-सहा माणसं जमेल होती.

"कंदील आण रे," मी म्हटलं.

"कंदिलात घासलेट नाई माय." सहदेवनं मले सांगितलं अन् चुलीकडं पाह्यलं. शकुंतला दारात मान खाली घालून उभी होती. मले वाटलं, नवराबायकोचं काही असन. तो बॅटरी घेऊन आला. "अन् कंदील पायजे कायले? लक्ष्मीले उजेडच दाखवायचा ना? मंग माह्या सासऱ्याचा उजेड दाखवतो. लक्ष्मी डोळे चोळत उठन!"

सगळे हासले. अंगणातल्या एकाही म्हाताऱ्याले यात काही वावगं वाटलं नाई. नेम तर पाळून राह्यलो होतो, उलट दिवा मोठा होता. बॅटरी दोराले बांधून खाली सोडली. पांढराफेक उजेड पडला, ज्वारीचा दाणा न् दाणा दिसे. पुंजाजी वाकून म्हणे, "वा रे वा! राजी हाय बाप्पा लक्ष्मी!"

बॅटरी इझली नाई. इझन कशी?

सहदेव टोपलं घेऊन शिडीनं उतरला. "माय, गरम हाय अठी," खालून आवाज आला. "आंबिलीसारखा वास येऊन राह्यला. भूक लागली."

"वर ये मंग, देते," मी म्हटलं.

त्याच्यानंतर तो बोलला नाई. पुंजाजीनं दोन हाका मारल्या, मंग वाकून पाह्यलं. पोरगं ज्वारीवर पालथं पडेल, एक हात टोपल्यात. पुंजाजी कमरेले दोर बांधून उतरला, पण अर्ध्या शिडीवरच त्याचे डोळे फिरले अन् लोकायनं त्याले ओढून वर काढलं. मंग कोणाची हिंमत झाली नाई. शेवटी विहिरीत पडेल बादल्या काढायचा गळ आणला. माहं पोरगं गळानं काढलं हो. आंग गरम होतं अन् तोंड निळं. मी त्याच्या तोंडावर पाणी मारत राह्यली, शिव्या देत राह्यली. ऊठ बे, नाटकं करतं का, माय भाकर घेऊन बसली, ऊठ. बायायनं मले धरून मागं ओढलं तव्हा मले समजलं का हा उठणार नाई.

खाली बॅटरी जळतच होती. कोणाले ती काढायचं सुचलं नाई. सांजेले पुंजाजीनं तशीच फरशी लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी घरात चूल पेटेल नव्हती, पण हाताले काम पायजे म्हणून मी चुलीमागची थंड राख काढायले बसली. उकिरड्यावर टाकताना राखेतून एक फडकं निघालं. त्यात कंदिलाच्या काचेचे तुकडे, नीट गुंडाळेल. मी कंदील पाह्यला. बिनकाचेचा, फळीवर मागं सारून ठेवेल, अन् टाकीत घासलेट पुरेपूर. मंग समजलं. पोरीच्या हातून काच फुटली. माह्या तोंडाले भिऊन तिनं लपवली. अन् माह्या पोरानं तिले बोलणं बसू नये म्हणून घासलेटाचं निमित्त केलं. मी ते फडकं पुन्हा बांधलं अन् उकिरड्यात खोल गाडून टाकलं. कोणाले सांगितलं नाई, तिलेही नाई. तव्हा मले एवढंच वाटलं का लक्ष्मीची पूजा चुकली, अन् पूजा चुकली म्हणून का कोणी पोरगं नेते? अशी कशी लक्ष्मी, आग लागो तिले!

गावाचं तोंड कोण धरन? कोणी म्हणे, पेवात खवीस हाय. पुंजाजीची बायको आशाबाई म्हणे, खवीस नाई अन् काही नाई, पोरीचा पायगुण. तिच्या बापाची बॅटरी पेवात गेली अन् घराचा दिवा गेला. नवऱ्याले खाल्लं, आता घर खाईन. तेरवी झाली का तिले बापासंग धाडून द्या, पोटातलं तिकडंच होऊ द्या. माह्या जिवाचं पाणी पाणी झालं. सहदेवचं म्हणून माह्याजवळ आता एवढंच राह्यलं होतं, ती अन् तिच्या पोटातलं. अन् ती तर जेवतच नव्हती. रडतही नव्हती. परसातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसे, मी हात धरून आणे, ती पुन्हा जाऊन बसे.

तेरवीले हायस्कुलातले लक्ष्मीकांत मास्तर आले. तरणा माणूस, विज्ञान शिकवे. पंगत उठल्यावर अंगणात बैठक बसली, आशाबाईनं पायगुणाचं काढलं, भगवंतराव मान खाली घालून ऐकून राह्यले होते. मास्तर उठून उभे राह्यले.

"कोणाचा पायगुण नाही आणि खवीसही नाही," ते म्हणे. "आशाबाई, तुमच्या घरी आंबील आहे?"

आशाबाईच्या घरून आंबिलीचं गाडगं आलं, झाकणाखाली फसफसून राह्यलं होतं. मास्तरायनं झाकण थोडं सरकवलं, आगकाडी ओढली अन् गाडग्याच्या तोंडात धरली. इझली. दुसरी धरली, तीही इझली. वारा नव्हता. बाया पुढं सरकल्या.

"आता या गाडग्यात कोणता खवीस बसलाय?" मास्तर म्हणे. "पीठ आंबतं म्हणजे त्यातली साखर फुटते. तिच्यातून एक वायू निघतो, कार्बन डायऑक्साइड. तोच झाकण ढकलतो. दिसत नाही, आणि हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात पाण्यासारखा साचून राहतो. त्यात आग जगत नाही, माणूसही जगत नाही. तुम्ही-आम्ही श्वास सोडतो, त्यातही थोडा तोच असतो."

"मंग ज्वारी काय श्वास घेते का, मास्तर?" पुंजाजीनं इचारलं.

"घेते. जिवंत आहे म्हणून तर पेरली की उगवते ना? कोरडा दाणा हळू घेतो, झोपलेल्या माणसासारखा. ओला दाणा भराभर घेतो, आणि वर आंबतो. सगळं पेव त्यानंच भरतं. पेवात किडा जगत नाही तो यामुळंच."

म्हणजे लक्ष्मीचा पहारा तो हा. मी तिथंच भिंतीले टेकून बसली. ज्या दाण्यावर पोरगं पोसलं तो दाणा जित्ता होता, खाली अंधारात श्वास सोडून राह्यला होता, अन् त्याच्या श्वासात माहं पोरगं बुडालं. कोणावर राग काढावा? ज्वारीवर काढता येते का? खरं सांगते, रडू आलं पण छातीवरचा एक धोंडाही उतरला. पोरीवरचा पायगुण गेला, ती घरात राहीन, माहं नातवंड माह्या अंगणात खेळन, एवढंच मले त्या घडीले दिसलं.

मास्तर तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण हातच्या काकणाले आरसा कायले, म्हणून त्यायनं फरशी सरकवायले लावली अन् पुंजाजीच्या घरचा कंदील पेटवून पेवात सोडला. कंदील तोंडातून खाली गेला, ज्योत लाल झाली, लहान झाली अन् गेली. नुसता धूर राह्यला.

"पाहिलंत? तुमच्या सासूबाईंचा नेम अगदी बरोबर होता," मास्तर मले म्हणे. "कंदिलाला हवा लागते, बॅटरीला लागत नाही. त्या दिवशी कंदील सोडला असता, तर सहदेव आज..."

मी दाराकडं पाह्यलं. शकुंतला चौकट धरून उभी होती. पेवाकडं नाई, माह्याकडं पाहून राह्यली होती. पायगुण म्हटला तव्हा तिच्या तोंडावर काही नव्हतं, अन् आता तिचं तोंड मेल्या माणसासारखं झालं होतं. काच कोणाच्या हातून फुटली हे अंगणात दोघींलेच ठाऊक होतं, अन् मले ठाऊक हाय हे तिले ठाऊक नव्हतं. तिनं चौकट सोडली अन् परसाकडं वळली. परसात विहीर होती.

"थांब व!" मी ओरडली. "मास्तर, काय बोलून राह्यले तुम्ही? दिवा सोडला होता."

"कोणता दिवा?"

"देव्हाऱ्यातला. म्या सोडला. हे दोघं चहा प्यायले गेले तव्हा अंगणात मी एकटी होती. देवाचा दिवा आणला, टोपलीत ठेवून दोरानं सोडला. तळाले लागेपर्यंत जळत होता. इझला नाई. म्हणून तर म्या बॅटरीले हो म्हटलं."

खोटं बोलली. देवाचं नाव घेऊन, भरल्या तेरवीत, मेल्या पोरावर खोटं बोलली. बोलली तर बोलली. मेलेलं पोरगं खऱ्यानं वापस येणार नव्हतं, अन् जित्ती पोरगी खऱ्यानं विहिरीत जाणार होती.

मास्तर म्हणे, "असं होणार नाही, मनकर्णाबाई. दिवा त्यात..."

"पोरगं माहं मेलं, मास्तर! दिवा कोणी सोडला ते मले ठाऊक का तुमाले?"

मास्तरायनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. मंग माही नजर जिथं होती तिथं पाह्यलं. परसाच्या दारात थांबेल पोरगी त्यायले दिसली. त्यायचा आवाज उतरला. "असेल," ते म्हणे. "दिवा टोपलीत होता, वरवर राहिला असेल. वायू कधी उशिरानंही चढतो. मग कंदील सोडला असता तरी काही कळलं नसतं." शिकवणारा माणूस, सगळ्या गावासमोर आपलंच शिकवेल पुसून टाकलं त्यानं. मी त्या माणसाचे उपकार विसरली नाई.

शकुंतला परसाच्या उंबरठ्यातच खाली बसली अन् पयल्यांदा रडली. मी जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं अन् आशाबाईले म्हटलं, "माही सून कुठी जाणार नाई. जिले पायगुण पाहायचा असन तिनं आपल्या घरी आरसा पाहावा." भगवंतरावायनं टोपी डोळ्याले लावली.

पण खोट्याले पाय फुटतात. पुंजाजी उठता उठता म्हणे, "म्हणजे दिव्याचाही भरवसा नाई. मंग दिवा सोडला काय अन् न सोडला काय." गावात आणखी कितीक पेवं होती अन् घरोघरी पोरं होती. "एका दिव्याचा भरवसा नाई," मी म्हटलं. "सकाळी सोडा, सांजेले पुन्हा सोडा, दोन्ही टाईम जगला तरच उतरा. अन् बॅटरी नाई, कंदील."

नुसतं सांगून कोण ऐकते? म्हणून ज्याच्या घरी पेव उघडे त्याच्या अंगणात मी सकाळीच कंदील घेऊन हजर. लोक हासत. "आली कंदीलवाली," असं पोट्टे म्हणत. शेषराव पाटलायनं एकदा तोंडावर सांगितलं का पोराच्या मरणानं मनकर्णाचं डोकं फिरवलं. फिरवलं तर फिरवलं, म्हटलं, अगोदर दिवा सोडा. त्यायच्याच पेवात कंदील इझला. दुसऱ्या दिवशी त्यायची बायको माह्या पाया पडून गेली. माह्या गावात त्याच्यानंतर पेवात कोणी मेलं नाई.

त्या कंदिलाले मी चिखलीहून नवी काच आणली होती. तो साफ करायचं काम शकुंतलानं कोणाले करू देल्लं नाई. नातू उद्धव झाला तव्हाही बाळंतिणीच्या खाटेवरून मागून घेतला. रोज सांजेले चिमूटभर राख घ्यायची, मऊ फडकं घ्यायचं अन् काच पुसायची. मले वाटे, कामात जीव रमते पोरीचा, रमू द्या. मी तिले पुन्हा कधी वरच्या आवाजात बोलली नाई. लोक म्हणत, पोरगं गेलं अन् मनकर्णाची जीभ मऊ झाली. सुनेपुरती झाली, बाकी गावाले हायेच.

औंदा गावात लाईट आली. पेवं तर अगोदरच एकएक करून बुजली, आता लोक पोत्यात ज्वारी ठेवतात. आमचं राह्यलं होतं. उद्धव शाळेतून आला का फरशीवर उड्या मारे अन् माहा जीव वरखाली होये. शेवटी पुंजाजीनं मुरमाच्या गाड्या आणल्या. गडी मुरूम लोटून राह्यले होते, खालून कुठी बॅटरीवर दगड पडल्याचा टण्ण आवाज आला. शकुंतला माह्या बाजूले उभी होती. इतक्या वर्षात तिचं 'मला-तुला' गेलं, आमच्यासारखीच बोलते.

"आत्याबाई," ती म्हणे, "त्या दिवशी देव्हाऱ्यात दिवा नव्हता."

"कोणत्या दिवशी?"

"घरात गोड्या तेलाचा थेंब नव्हता. आदल्या सांजी म्याच बुधली उलटी करून पाह्यली. सकाळी दिवा लावलाच नव्हता. वात कोरडी होती."

दिवाबत्ती मीच तिच्या हाती देल्ली होती, अन् खोटं बोलताना तेवढंच मले आठवलं नव्हतं.

"काच माह्या हातून फुटली हे तुमाले ठाऊक होतं ना?"

"होतं," मी म्हटलं. "अन् तुले समजलं होतं का मी खोटं बोलून राह्यली, तर इतकी वर्षं बोलली काऊन नाई, बाई?"

"मी विहिरीकडंच चालली होती. तुम्ही सगळ्यायसमोर माह्यासाठी खोटं बोलल्या. मले वाटलं, ज्या बाईचं पोरगं माह्यापायी गेलं तिलेच मी जित्ती पायजे, मंग मरू कशी?" ती मुरमाकडं पाहत होती. "जगली तेवढ्यावर. पण आत्याबाई, काच माह्याच हातून फुटली."

मी तिले जवळ घेतलं. दोघी भर अंगणात गड्यायसमोर रडलो, लाज वाटली नाई. मी समजत होती का त्या तेरवीच्या दिवशी मी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेतलं. कुठलं उतरलं? ती एकटीच वाहत होती, अन् मले वाईट वाटू नये म्हणून वाहून राह्यली हे दाखवतही नव्हती.

सांज झाली. उद्धवनं खटका दाबून घरात बल्ब लावला, सगळं घर उजळलं. शकुंतला ओट्यावर येऊन बसली, कंदील पुढ्यात घेतला, चिमूटभर राख घेतली.

"राहू दे व आता," मी म्हटलं. "लाईट हाय, पेवही बुजलं. कोणाले पायजे तो कंदील?"

तिनं ऐकलं नाई. काच आतून-बाहेरून पुसली, बल्बच्या उजेडात धरून फिरवून फिरवून पाह्यली, कुठी तडा तर नाई, अन् दोन्ही हातांनी कंदिलावर बसवली.